झाकणालाही अर्थ हवा

घरी जुळवलेलं सर्किट पहिल्यांदा चालतं ते टेबलावर, उघड्यावर. वायरी पसरलेल्या, ट्रान्सफॉर्मर वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवलेला, मल्टिमीटरवर हवे ते आकडे दिसताहेत. त्या संध्याकाळी डब्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही. तो येतो पंधरा दिवसांनी, घरातून "हा पसारा कधी उचलणार?" अशी विचारणा झाल्यावर. मग हाताला लागेल त्या पेटीत सगळं कोंबलं जातं. टेबलावर गुपचूप चालणारं यंत्र पेटीत गेल्यावर गुणगुणायला लागतं, तापायला लागतं, क्वचित हात लावल्यावर झिणझिण्या देतं.

म्हणून धातूचा डबा कोणता घ्यावा हा प्रश्न सर्किट तयार होण्याची वाट न पाहता, ट्रान्सफॉर्मर विकत घेण्याच्याही आधी विचारावा, असं माझं ठाम मत झालं आहे. डब्याचा पत्रा अर्थिंगचा वाहक असतो, हीटसिंक असतो, रेडिओलहरींसमोरचा पडदा असतो. आकृतीत कुणी तो काढत नाही, पण असतो तो सर्किटचाच भाग. या लेखात उदाहरण म्हणून मी टेबलावरचा साधा पॉवर सप्लाय घेतोय: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, एलएम ३१७ रेग्युलेटर, पुढे व्होल्टेज फिरवायचा नॉब आणि लाल-काळी टर्मिनलं. हौशी माणसाची सुरुवात बहुधा यानेच होते, आणि धातूच्या डब्याचे झाडून सगळे प्रश्न यात एकत्र भेटतात.

लाईन आत येते का?

पहिला प्रश्न धातूचा नाहीच. घरातली २३० व्होल्टची लाईन डब्यात शिरणार आहे का, हे आधी ठरवायचं. तयार ॲडॉप्टरमधून ५ किंवा १२ व्होल्टच आत येणार असतील तर डबा जवळजवळ कशाचाही चालतो, बिस्किटांचा पत्र्याचा डबासुद्धा. नवख्या माणसाला मी हाच रस्ता सांगतो. फक्त एक गोष्ट आधी माहीत असावी. दोन पिनांचे स्विचिंग ॲडॉप्टर आतल्या एका कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह दुसऱ्या बाजूला झिरपू देतात. त्यामुळे अशा ॲडॉप्टरवर चालणाऱ्या धातूच्या डब्यावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली की थरथर जाणवते. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर पुष्कळांनी ती अनुभवली असेल. चांगल्या प्रतीच्या ॲडॉप्टरमध्ये हा प्रवाह फारच कमी असतो. त्याने इजा होत नाही, पण माणूस दचकतो.

लाईन आत येणार असेल तर गोष्ट वेगळी. मग डब्याचा हात लागू शकेल असा प्रत्येक धातूचा तुकडा अर्थला जोडलेला हवा. कारण साधं आहे. आतली लाईव्ह वायर कधी सोल्डर सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थमधून मोठा प्रवाह वाहून फ्यूज ताबडतोब उडाला पाहिजे. अर्थ नसेल तर फ्यूज शाबूत राहतो, डबा २३० व्होल्टवर जातो आणि कुणाच्या तरी हाताची वाट पाहत बसतो. ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी घरात असेल तर तो पुष्कळ वाचवतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत मात्र तो असेलच असं गृहीत धरता येत नाही. जुने व्हॉल्व्ह रेडिओ उघडणाऱ्यांना हा धोका चांगला माहीत आहे. अमेरिकेत लाखोंनी खपलेल्या पाच व्हॉल्व्हच्या स्वस्त संचांत ट्रान्सफॉर्मरच नसायचा आणि लाईनची एक वायर थेट चासीला जोडलेली असायची. माणूस आणि लाईन यांच्यामध्ये बेकेलाइटची पेटी आणि नॉब, एवढंच. नॉब निघाला की दांडा उघडा.

माझा पहिला पॉवर सप्लाय मी तयार कॅबिनेटात बसवला होता. राखाडी पावडर कोटिंग केलेला लोखंडी पत्रा, यू आकाराचं झाकण, बाजूंनी चार स्क्रू. अर्थची हिरवी वायर तळाच्या पत्र्याला बोल्टने आवळली होती. सगळं झाल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला, एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरं झाकणाच्या स्क्रूला लावलं. बीप वाजला. मी समाधानाने आवरायला घेतलं आणि सहज, काही मनात नसताना, झाकणावर एक ओरखडा होता तिथे टोक टेकवलं. शांतता. पुन्हा दाबून टेकवलं, तरी शांतता. स्क्रू तळाच्या पत्र्याच्या आट्यांत घट्ट बसलेला होता, म्हणून तो बीप देत होता. झाकणाला मात्र त्याचा स्पर्शच नव्हता. स्क्रूच्या डोक्याखाली रंग, झाकणाच्या कडेखाली रंग, तळाच्या कडेवरही रंग. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो, आणि तो चांगला इन्सुलेटर आहे. मागचे-पुढचे पत्रे अर्थला होते, आणि यंत्राचा सर्वांत मोठा पृष्ठभाग, ज्यावर रोज हात पडणार, तो अधांतरी होता. मेन स्विचची टोकं त्याच्यापासून बोटभर अंतरावर होती.

त्या दिवसापासून काही गोष्टी मी डोळे मिटून करतो. अर्थसाठी वेगळा बोल्ट, एम ४ किंवा त्याहून जाड, आणि त्यावर दुसरं काहीही नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पायाचा बोल्ट वापरायचा मोह होतो, पण ट्रान्सफॉर्मर कधी काढला की अर्थही सुटते. त्या बोल्टभोवतीचा रंग कानशीने घासून चकचकीत धातू उघडा करायचा, वायरीला क्रिंप केलेला रिंग लग लावायचा आणि मध्ये दातेरी वॉशर घालायचा. त्याचे दात रंगात आणि गंजात रुततात. झाकणाला आतून स्वतंत्र बोल्ट आणि तळापर्यंत लवचिक हिरवी वायर. आत येणारी अर्थची वायर लाईव्ह आणि न्यूट्रलपेक्षा चार-पाच सेंटिमीटर लांब ठेवायची. केबल ओढली गेली तर सर्वांत शेवटी तुटली पाहिजे ती हीच. ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमलाही हेच नियम लागू, कारण तो थर ऑक्साइडचा असतो आणि वीज वाहून नेत नाही. काळं ॲनोडाइझिंग डोळ्यांना धातू वाटतं, मल्टिमीटरला वाटत नाही.

अर्थ पिनेपासून डब्याच्या कुठल्याही बिंदूपर्यंतचा रोध ०.१ ओहमच्या आसपास किंवा कमी हवा. साध्या मल्टिमीटरच्या तारांचाच रोध त्याहून जास्त भरतो. म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून जो आकडा येईल तो वजा करायचा.

लाईनच्या बाजूचं आणखी थोडं. प्लगमधून सरळ वायर भोकातून आत घेण्यापेक्षा संगणकाला असतो तसा तीन पिनांचा सॉकेट पाठीवर बसवावा. त्यासाठी चौकोनी खाच कापावी लागते, स्क्रूच्या भोकांमध्ये ४० मिलिमीटरचं अंतर असतं. वायरच घ्यायची असेल तर रबरी ग्रोमेट आणि वायर आवळणारा क्लॅम्प दोन्ही हवेत. वायरीला मारलेली गाठ हा क्लॅम्प नव्हे. फ्यूज लाईव्हवर, स्विचच्या आधी. लाईनची उघडी टोकं आणि पत्रा यांच्यात सहा-आठ मिलिमीटर मोकळी जागा सोडावी आणि त्या टोकांवर हीटश्रिंक चढवावी.

तापणारा पत्रा

आपल्या पॉवर सप्लायमध्ये रेक्टिफायरनंतर २४ व्होल्ट आहेत आणि बाहेर ५ व्होल्टवर १ अँपिअर घेतोय, असं धरा. उरलेले १९ व्होल्ट एलएम ३१७ स्वतःवर घेतो, म्हणजे १९ वॅटची उष्णता. सोल्डरिंग आयर्न तापवायला जेवढी लागते, जवळपास तेवढी. ती जाणार कुठे? डब्याच्या पत्र्यातून हवेत. २० बाय १५ बाय ७ सेंटिमीटरचा डबा घेतला आणि टेबलाला टेकलेला तळ सोडला, तर उघडा पृष्ठभाग साधारण ०.०८ चौरस मीटर भरतो. पंखा नसलेल्या खोलीत रंगवलेला पत्रा दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे १० वॅट सोडतो. हिशोब केला की पत्रा खोलीपेक्षा जवळजवळ २४ अंशांनी वर जातो. नागपूर-अकोल्याचा मे महिना घ्या, खोलीत ४२ अंश. डबा ६५ च्या पुढे. त्यावर हात ठेवून राहता येत नाही, आणि आतली हवा त्याहून गरम. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं, हे लक्षात घेतलं तर ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर का घ्यायचे ते वेगळं सांगायला नको.

या हिशोबात एक शब्द महत्त्वाचा आहे: रंगवलेला. चकचकीत उघडं ॲल्युमिनियम उष्णता फारच कमी उत्सर्जित करतं. तोच डबा पॉलिश करून ठेवला तर तापमानातली वाढ २४ ऐवजी ४० अंशांच्या घरात जाऊ शकते. रंग कोणताही चालतो. घरात, सावलीत असलेल्या डब्याला पांढरा आणि काळा रंग जवळजवळ सारखेच, कारण ही उष्णता अवरक्त किरणांनी जाते आणि त्या किरणांना बहुतेक सगळे रंग काळेच. उन्हात ठेवायचा डबा मात्र पांढरा हवा.

दुसरी बाब, उष्णता पत्र्यात पसरली तरच तो पृष्ठभाग कामाला येतो. शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता २३० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, साध्या लोखंडी पत्र्याची ५०, स्टेनलेस स्टीलची अवघी १६. पातळ लोखंडी पत्र्यावर रेग्युलेटर आवळला तर त्याच्याभोवती हाताएवढा डाग तापतो आणि डब्याचं दुसरं टोक थंड राहतं. म्हणून पाठीचा पत्रा ॲल्युमिनियमचा, २ ते ३ मिलिमीटर जाड घ्यावा, नाहीतर सरळ पंख असलेला हीटसिंकच पाठ म्हणून बसवावा.

आणि इथे एक सापळा आहे. एलएम ३१७ ची धातूची पट्टी आउटपुटला जोडलेली असते. ती सरळ डब्याला आवळली की डबाच आउटपुट होतो, आणि डबा अर्थला असल्यामुळे आउटपुटही. मध्ये अभ्रकाची किंवा सिलिकॉनची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग हवीच. ७८०५ मध्ये पट्टी ग्राउंडला असते, तो सरळ आवळता येतो. २एन ३०५५ चं आख्खं कवच कलेक्टर असतं. भाग बदलला की ही जोडणी बदलते. दरवेळी डेटाशीट बघावी.

हवेसाठी भोकं पाडायची तर खाली आणि वर, दोन्हीकडे पाडावी. नुसत्या वरच्या भोकांतून वारा वाहत नाही. व्यास ३ मिलिमीटरच्या आतला, आणि लाईनच्या भागांच्या डोक्यावर एकही भोक नको. आपल्याकडे आणखी एक कारण आहे: पाली आणि झुरळं. उबदार डबा त्यांना आवडतो. ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर चिकटलेली पाल मी दोनदा काढली आहे. आतून बारीक जाळी लावली की प्रश्न मिटतो.

गुणगुण आणि लहरी

धातूचा डबा घेण्याचं कारण विचारलं तर बहुतेक जण "शील्डिंग" म्हणतात. मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धातूने मढवलेली १२ फुटी खोली उभारून दाखवली, तेव्हापासून हा शब्द भक्कम आहे. पण कुठला धातू कुठल्या त्रासाला अडवतो, यात फार गल्लत होते.

रेडिओलहरी धातूत किती खोल शिरतात ते वारंवारतेवर अवलंबून असतं. तांब्यात १ मेगाहर्ट्झला ही खोली सुमारे ६६ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. ५० हर्ट्झला मात्र ९ मिलिमीटरपेक्षा जास्त, आणि ॲल्युमिनियममध्ये जवळपास १२. याचा अर्थ असा की ॲम्प्लिफायरमधली ट्रान्सफॉर्मरची गुणगुण दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमने थांबत नाही. विद्युतक्षेत्र अडतं, चुंबकीय क्षेत्र आरपार जातं. लोखंडी पत्रा चुंबकीय क्षेत्राला वाट देऊन काही भाग वळवतो, म्हणून तिथे तो बरा. पण ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळचा पातळ लोखंडी पत्रा स्वतःच थरथरून वाजायला लागतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंतर. ट्रान्सफॉर्मरचं भटकं क्षेत्र साधारण अंतराच्या घनाने घटतं. अंतर दुप्पट केलं की ते आठव्या हिश्श्यावर येतं. जाड पत्र्याऐवजी लांब डबा घ्या, ट्रान्सफॉर्मर एका टोकाला आणि इनपुट दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि आवळण्याआधी ट्रान्सफॉर्मर हाताने फिरवून गुणगुण कुठल्या कोनात कमी होते ते ऐका.

टोरॉइडल, म्हणजे कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मरचं भटकं क्षेत्र कमी असतं, म्हणून ॲम्प्लिफायर करणारे तो घेतात. तो मधोमध एका लांब बोल्टने आवळतात. त्या बोल्टचं वरचं टोक झाकणाला टेकलं तर बोल्ट, झाकण, बाजू आणि तळ मिळून एक बंद वेढा तयार होतो. ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने ती शॉर्ट झालेली सेकंडरी. त्यातून प्रचंड प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. झाकण काढलं की सगळं ठीक, लावलं की पुन्हा फ्यूज. कारण माहीत नसेल तर माणूस रात्रभर शोधत बसतो. बोल्ट आणि झाकण यांच्यात किमान एक सेंटिमीटर ठेवा.

रेडिओच्या कामात पत्र्याच्या जाडीपेक्षा फटी महत्त्वाच्या. लांब फट ॲन्टेनासारखी वागते. फटीची लांबी लहरीच्या विसाव्या भागापेक्षा कमी ठेवावी असा ढोबळ नियम आहे. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटर लांब, तिथे १५ सेंटिमीटरची फट चालून जाते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला लहर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे मर्यादा ६ मिलिमीटर. रंगवलेल्या झाकणाची कड म्हणजे दोन स्क्रूंमधल्या अंतराएवढी फटच, कारण मधला रंग धातूला धातूशी भेटू देत नाही. याचीच दुसरी बाजू: ईएसपी ३२ सारखं वायफाय मॉड्यूल बंद धातूच्या डब्यात ठेवून "सिग्नल येत नाही" म्हणू नये. बाहेर ॲन्टेना काढा किंवा प्लास्टिकचा डबा घ्या. कधीकधी धातू न घेणं हाच योग्य निर्णय असतो.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींकडे या बाबतीत एक सुरेख रीत आहे. कॉपर क्लॅड बोर्डाचे तुकडे कापून, कडा सोल्डरने जोडून ते छोट्या पेट्या करतात. त्यावरचं तांबं नेहमी ३५ मायक्रॉनचं असतं. ७ मेगाहर्ट्झला लहर तांब्यात सुमारे २५ मायक्रॉन शिरते, म्हणजे एवढं तांबं पुरतं. ऑसिलेटरसारखा नाजूक भाग अशा आतल्या पेटीत आणि ती पेटी मोठ्या डब्यात, ही मांडणी महागड्या डब्यालाही मागे टाकते.

पत्रा कोणता, कुठून

बाजारात पत्रा गेजने मोजतात, आणि आकडा वाढतो तशी जाडी घटते: १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७. किलोभर वजनाचा ट्रान्सफॉर्मर २२ गेजच्या तळावर ठेवला तर डबा उचलताना पोट सुटल्यासारखा वाकतो. लोखंडी तळ १८ किंवा २० गेजचा असावा, ॲल्युमिनियमचा १४ किंवा १६.

ॲल्युमिनियम हलकं, लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचं, आणि घरच्या ड्रिलने, कानशीने सहज कापलं जातं. पण साध्या सोल्डरने त्याला जोड बसत नाही आणि पातळ पत्र्यात पाडलेले आटे चार वेळा स्क्रू काढला की झिजतात. लोखंड मजबूत आणि स्वस्त, मात्र ओरखडा पडला की गंज तिथून सुरू. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असल्याने तो बरा टिकतो, कापलेली कड सोडून. स्टेनलेस स्टील मी सुचवत नाही. भांड्यांच्या दुकानात ते सुंदर गोल-चौकोनी डबे दिसतात आणि मोह होतो. पण ते उष्णता वाहत नाही, भांड्यांचं बरंचसं स्टील चुंबकीयही नसतं म्हणून गुणगुणीलाही उपयोग नाही, आणि ड्रिल हळू फिरवून जोराने दाबलं नाही तर भोकाची जागा कडक होऊन बिट जळतं. बिस्किटांच्या डब्याचा कथिलाचा पत्रा याच्या उलट: पातळ, पण सोल्डर लगेच धरतो. कमी व्होल्टच्या रेडिओ सर्किटला तो फारच छान.

एकच धातू सगळीकडे लावायचा हट्ट मी कधीच सोडला. पॉवर सप्लायला लोखंडी तळ आणि झाकण, पुढचा पत्रा २ मिलिमीटर ॲल्युमिनियम, पाठीला हीटसिंक. पुढचा पत्रा ३ मिलिमीटरचा केला तर दिसतो भारदस्त, पण पॉटच्या आटेदार गळ्याला नट धरायला पुरेशी जागा उरत नाही.

तयार कॅबिनेटं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या परिसरात मिळतात. बहुतेक ॲम्प्लिफायर किंवा स्टॅबिलायझरसाठी केलेली असतात, त्यामुळे नको तिथे भोकं पाडलेली येतात. कॅनडाच्या हॅमंड कंपनीने रूढ केलेले ओतीव ॲल्युमिनियमचे १५९० मालिकेचे डबे, आणि त्याच आकड्यांनी विकल्या जाणाऱ्या त्यांच्या नकला, गिटारच्या पेडलवाल्यांनी लोकप्रिय केल्या. १५९०बी साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटरचा. छोट्या, नाजूक, कमी वीज खाणाऱ्या सर्किटला याहून चांगलं काही नाही. ट्रान्सफॉर्मरसाठी नाही. एक्स्ट्रूडेड ॲल्युमिनियमच्या पेट्यांना आत खाचा असतात आणि १०० मिलिमीटर रुंद बोर्ड त्यात सरकवता येतो. बोर्ड अजून आखायचा असेल तर तो त्या मापाचा आखा, निम्मं काम वाचेल.

मॉड्युलर स्विचसाठी भिंतीत बसवायचा जीआय कन्सील बॉक्स कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. आठ मॉड्यूलचा घेतला की अर्थचा स्क्रूही सहसा बसवलेलाच येतो. पुढचा पत्रा तेवढा स्वतः कापून लावायचा. भंगारातलाही माल चांगला: जुन्या संगणकाचा एसएमपीएस, डीव्हीडी प्लेयर, बंद पडलेला स्टॅबिलायझर. एसएमपीएस उघडताना त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी साठलेला असू शकतो, म्हणून प्लग काढल्यावर लगेच हात घालू नये. आधी मीटरने मोजावं, उरला असेल तर रेझिस्टर लावून रिकामा करावा.

मनासारखा डबा हवा असेल तर भोसरी, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगावसारख्या औद्योगिक वसाहतींत लेझर कटिंग आणि बेंडिंगचं जॉबवर्क करणारे असतात. एक नग महाग पडतो, कारण खर्च मशीन लावण्याचा असतो. चार मित्रांनी मिळून पाच-दहा नग करावेत. आकृतीत मापं बाहेरची की आतली ते स्पष्ट लिहावं, वाकवण्याच्या रेघेला अगदी चिकटून भोक ठेवू नये, नाहीतर ते ताणून लांबट होतं. ॲल्युमिनियम ५०५२ मागावं. ६०६१ टी-६ कडक असतं आणि घडीत चिरतं. पावडर कोटिंगला देताना अर्थच्या बोल्टांभोवती आणि झाकणाच्या कडेला मास्किंग करायला सांगावं. हे सांगितलं नाही तर कुणी करत नाही.

माप ठरवायला मी पुठ्ठ्याचा डबा करतो. सगळे भाग त्यात खरोखर ठेवून बघतो, वायरी वाकवून, नट फिरवायला पाना शिरतो का ते पाहून. कागदावर बसलेलं सर्किट पुठ्ठ्यात हमखास बसत नाही.

भोकं पाडताना पत्र्यावर मास्किंग टेप लावून त्यावर पेन्सिलीने आखतो, पंचने खूण मारतो, आधी ३ मिलिमीटरचं बारीक भोक, मग स्टेप ड्रिलने हवं तेवढं मोठं. पॉटला सात-साडेसात मिलिमीटर, छोट्या टॉगल स्विचला ६. ॲल्युमिनियम बिटाला चिकटतं, म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पत्रा लाकडाच्या तुकड्यावर शिकंज्याने घट्ट आवळलेला असावा. हातात धरलेला पत्रा बिटात अडकून फिरला की बोटं कापतो. मीटरची चौकोनी खिडकी मी कडेने ओळीने भोकं पाडून, मधला तुकडा काढून, कानशीने सरळ करतो. अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास मला मनापासून आवडतो. शेवटी आतल्या-बाहेरच्या दोन्ही कडांचे काटे काढायचे, कारण वायरीचं कातडं त्यांनीच कापलं जातं.

रत्नागिरी, मालवण, गोव्यात डबा ठेवायचा असेल तर आणखी काळजी. खारट दमट हवेत ॲल्युमिनियमला पितळ किंवा तांबं सरळ चिकटलं की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झिजायला लागतं. कथिलाचा मुलामा असलेला लग घ्यावा, जस्ताचा मुलामा असलेले स्क्रू घ्यावेत, आणि जोड घट्ट आवळल्यावर त्यावर ग्रीस किंवा वॉर्निशचा हात द्यावा. आवळण्याआधी नव्हे. पावसाळा संपला की मी घरातला प्रत्येक डबा उघडून अर्थचे नट पुन्हा आवळतो आणि मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरं झाकणाच्या त्या ओरखड्याला लावून बघतो.